आत गेलेला वारा

सन २०२४. मला बहात्तरावं चालू होतं. शाळा तिसरीपर्यंत, पण राजगडाच्या पायथ्याच्या पालीत, घराला लागूनच, पस्तीस वर्षं भाताची गिरणी चालवत होतो. मोटारीवर हात ठेवून तिचं काय दुखतंय ते मी सांगतो, अशी माझी ख्याती होती. निदान मी तरी तसं मानत होतो.

नात पुण्यात शिकून घरी आली ती गेमचा मोठा कम्प्युटर घेऊन. खेळायला नव्हे. गेममधले किल्ले, जंगलं ती घरी बसून बनवायची, कंपनीसाठी. माडीवर खिडकीशी टेबल मांडलं, समोर राजगड. दोन महिने बरं चाललं. मग तो डबा आपला आपण बंद पडायला लागला. तापायचा, पंखे किंचाळायचे, की पडदा काळा. केलेलं काम निम्मं जायचं.

"आबा, सोमवारी काम द्यायचंय," ती म्हणाली. "तोवर नीट झाला नाही तर पुण्यात खोली बघते. तिथं कधी असा बंद पडला नव्हता."

"जा की. कुनी धरलंय?" मी म्हटलं, आणि लगेच जिना चढून वर गेलो.

गिरणीमुळं विजेचा दाब कमी होत असेल, असं तिचं म्हणणं. ते मला झोंबलं. "माज्या मोटारीची लाईन येगळी हाय. गिरणीवर आळ यायचा न्हाई," मी बजावलं. पण मनात शंका होतीच. दुसऱ्या दिवशी गिरणी बंद ठेवली, आलेल्यांना पट्टा तुटलाय म्हणून सांगितलं, आणि घड्याळ घेऊन तिच्याशेजारी बसलो. बावीस मिनिटांत डबा बंद. गिरणी निर्दोष सुटली! मी जिन्यातनं ओरडून म्हातारीला ते सांगितलं.

"मग जोडा आता पट्टा," खालून उत्तर आलं.

पण मग बिघाड कशात? मला चैन पडेना. डब्याला हात लावून पाहिला. पुढून गार, वरून पोळत होता. इंजिन तापलं की मी आधी बघतो, वारा कुठनं येतो आणि कुठनं जातो. देव्हाऱ्यातली उदबत्ती पेटवून आणली.

"आबा, पूजा करताय?"

"गप. धूर बघ."

पुढच्या जाळीत धूर सरसर ओढला गेला. ती जाळी नात पुसायचीच. मागं मात्र धूर नुसता हलल्यागत करून सरळ वर. वारा आत जात होता आणि आतच अडकत होता. हे कळल्यावर मला असा आनंद झाला की पोरीची चिंताच विसरलो.

वायर काढून तिनं बाजूचं झाकण उघडलं. एका पंख्यामागं पातळ पत्र्यांची चळत, ट्रॅक्टरच्या रेडिएटरसारखी. त्यांच्या फटींत पिवळट कापसासारखं काहीतरी गच्च बसलेलं.

"धूळ," ती म्हणाली.

मी चिमूट काढून चोळली. बोटं तेलकट झाली. वास घेतला. इंद्रायणी तांदळाचा कोंडा होता. खिडकीतून खाली पाहिलं. गिरणीतला कोंडा बाहेर फेकणारा पाइप, मीच बसवलेला, तोंड नेमकं माडीकडं. एक दिवस गिरणी बंद ठेवून दोन महिन्यांचा कोंडा कुठं जाणार होता?

"कसली धूळ आहे?" तिनं विचारलं.

"रस्त्याची."

रंगाच्या ब्रशनं एकेक फट मोकळी केली. पत्र्यांखाली ताप ओढून घेणारा लेप होता, वाळून चुन्यासारखा झालेला, तो तिनं पुसून नळीतला नवा लावला. डबा चालू केला. तास झाला, दीड झाला. चालूच. मागं हात धरला तर ऊन वारा भसाभसा बाहेर येत होता.

"मग खोलीचं काय?" मी राजगडाकडं बघत विचारलं.

"परत भरला नाही तर कशाला जाऊ?"

परत भरणार होता. ते मला एकट्याला माहीत होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी गिरणी सुरू करायच्या आधी शिडी लावली, पाइप सोडवला आणि त्याचं तोंड माझ्या बसायच्या ओट्याकडं फिरवलं. वर खिडकी उघडली.

"आबा, रस्ता पलीकडं आहे."

"म्हायती हाय," म्हणालो, आणि नट आवळला.