घळीच्या दोन टोकांच्या दोघी

फिद्दाच्या तंबूतून घळीचं तोंड समोर दिसायचं. दोन तांबूस कडे, मधे कण्हेरीची दाटी आणि थोडं आत गेलं की वळण. त्या वळणाआड काय आहे, हे फिद्दाला लग्न होऊन आल्यापासून कधी बघायला मिळालं नव्हतं. तिच्या शेळ्या पहिल्या डोहापर्यंत जात. पुढे कण्हेर फार, आणि तिला तोंड लावलं की शेळी गेलीच. शेळ्या जिथून माघारी फिरत तिथूनच बायकाही फिरत. पुरुष मात्र घळीतून सरळ वर शोबकच्या डोंगरात जात. कुणाच्या लग्नाला, कुणाच्या मयतीला, नाहीतर घरात भांडण झालं म्हणून. बायका, पोरं आणि गाठोडी मोठा वळसा घालून ट्रकनं जात.

त्याच घळीच्या वरच्या टोकाला फिद्दाची थोरली बहीण रस्मिया राहत होती. तिला दगडी घरांच्या गावात, शेतकऱ्याकडे दिलं होतं. पाऊस पडायचा रस्मियाच्या गावावर आणि लोंढा यायचा फिद्दाच्या दारात. दोघी बहिणींची भेट मात्र वर्षावर्षात होत नसे.

त्या वर्षी थंडी सरत आली तेव्हा अम्मान शहरातून आलेले काही लोक घळ उतरून फिद्दाकडे चहाला थांबले. त्यांत एक शिक्षिका होती. कमरेपर्यंत ओलीचिंब, गुडघे सोललेले, पण हसू काही आवरत नव्हतं. फिद्दानं तिच्यापुढे पेला ठेवला आणि हळूच विचारलं, "आत काय आहे गं?"

"सांगता नाही येणार, मावशी. बघायलाच हवं."

फिद्दा उखडली. पाहुणी होती म्हणून गप्प बसली, पण ती गेल्यावर नणंदेला म्हणाली, "आमचे पुरुषही हेच म्हणतात. एवढी तोंडं आहेत एकेकाला, आणि एकालाही सांगता येत नाही!"

संध्याकाळी ती शेळ्यांच्या वाड्यामागच्या टेकाडावर चढली. फोनला रेंज तिथेच यायची.

"रस्मिया, मी घळीतून येतेय. तू वरून खाली ये. मधे कुठंतरी भेटू, एक मुक्काम करू."

रस्मिया म्हणाली, "ऊन लागलं का तुला?"

"नाही."

"माझे गुडघे बघितलेस का?"

"गुडघे घरी ठेवून ये."

रस्मिया हसली आणि तिथेच अडकली. दुसऱ्या दिवशी तिनंच फोन केला, "पीठ तू आण. किटली माझी. तुझ्या किटलीला धुराचा वास येतो."

मग बेत सुरू झाला. पाणी आत झऱ्याचं आहे म्हणून वाहायचं थोडंच. घोंगडी एकेकच, कारण भिजली की गाढवाएवढी जड होते. भाकरी तिथेच निखाऱ्यात भाजायची. शेळ्या सुनेवर सोपवल्या. नणंद नौफा हे सगळं ऐकत चरखा फिरवत होती. एके दिवशी ती चरखा ठेवून उठली आणि पुतण्याचे फुटबॉलचे बूट पायात घालून आली.

"हे काय?" फिद्दानं विचारलं.

"मला न्यायचं नसेल तर तसं सांग. मग मी सगळ्यांना सांगते की तू वेडी झालीस. नेलंस तर दोघी वेड्या."

खरी आडकाठी दिराची होती. स्वैलिम प्रवाशांना घळीतून नेण्याचंच काम करायचा. तो म्हणाला, "वहिनी, बायका आत जात नाहीत."

"त्या दिवशीची शिक्षिका काय होती मग?"

"त्या शहरातल्या. त्यांच्यासोबत मी असतो. मधे घसा आहे. कड्यांमधे ही एवढी शिळा अडकलीय. दोर लागतो."

"मग दोर दे."

स्वैलिम नुसता हसला आणि निघून गेला.

ठरल्या दिवशी दोघी गाठोडी बांधून बसल्या होत्या. आभाळ धुतल्यासारखं स्वच्छ. निघण्याआधी फिद्दा टेकाडावर गेली आणि तशीच परत आली. "रस्मिया म्हणते वर ढग धरलेत. नाही जायचं."

तंबूतंबूंतून हसण्याची लाट गेली. "एवढ्या उन्हात ढग!" स्वैलिम म्हणाला, "वहिनी, भीती वाटली असं सांग की सरळ." फिद्दानं गाठोडं सोडून पीठ परत डब्यात ओतलं. दुपारी घळीतून घरघर ऐकू आली. खाली एक थेंब नव्हता, आणि तांबडं पाणी उंबऱ्यावरून उसळावं तसं वळणावरून उसळलं. कण्हेरी आडव्या झाल्या. सगळी वस्ती बाहेर येऊन बघत उभी राहिली. संध्याकाळी स्वैलिमनं दोराचं भेंडोळं आणून फिद्दाच्या तंबूपाशी ठेवलं. चहा न घेताच गेला.

पाणी ओसरल्यावर त्या निघाल्या. पहिला डोह ओलांडून फिद्दा जवळजवळ पळतच वळणापर्यंत गेली, पण वळणाआड पुन्हा तसेच कडे आणि पुढचं वळण. नौफा म्हणाली, "हे तर घरूनही दिसत होतं."

पुढे मात्र कडे जवळ येत गेले. आभाळाची चिंधी उरली. दगड लाटांसारखा वाकलेला, त्यात लाल, पिवळे, जांभळे पट्टे. कपारींतून पाणी झिरपत होतं आणि त्यावर नेचे लोंबत होते. खजुराचं एक झाड चक्क कड्यातून आडवं उगवलं होतं. फिद्दा प्रत्येक गोष्टीला हात लावून बघत होती. "अगं चल, दगड काय सोयरे आहेत का तुझे?" नौफा करवादली.

एका कपारीखाली सावलीला बसल्यावर फिद्दाचा हात एका खळग्यात गेला. लांबट, मधे झिजलेला, गुळगुळीत. तिनं वाळू पुसली. दळायचा जुना पाटा होता तो. पूर्वीच्या बायका दोन्ही हातांनी पुढेमागे रगडत, तसला.

"पुरुष दळायला बसत नाहीत," नौफा हळूच म्हणाली.

"नाही बसत."

ती दळणारी कुणाची होती, इथे कधी राहिली होती, कळायला मार्ग नव्हता. फिद्दानं गाठोड्यातलं चिमूटभर पीठ त्या खळग्यात टाकलं आणि ती उठली.

उन्हं कलताना घसा आला. घराएवढी शिळा दोन्ही कड्यांत गच्च अडकलेली, खालून पाण्याची धार. आणि वरून आवाज आला, "किती वेळ लावलास! माझा चहा दोनदा उकळला!"

रस्मिया शिळेच्या वर पोहोचलेली होती. नौफानं दोर फेकला, रस्मियानं तो खडकाला बांधला. पण ती खाली उतरेना. "मी बकरीसारखी लोंबकळणार नाही." फिद्दानं चढायचा प्रयत्न केला, तर ओल्या दगडावरून घसरली. अंधार पडायला लागला होता. शेवटी दोन्ही बाजूंनी दोन चुली पेटल्या. निखाऱ्यातली भाकरी दोरानं वर गेली, डोंगरातल्या ऋषीपत्रीच्या पानांचा चहा किटलीतून खाली आला. निम्मा नौफाच्या डोक्यावर.

जेवणं झाली. तोंड दिसत नव्हतं म्हणूनच असेल, फिद्दा एकदम म्हणाली, "आई वारली तेव्हा तू खाली आली नाहीस."

वर लाकूड तडकलं. "रस्ता बर्फानं बंद होता गं."

"घळ तर कोरडी होती. इथून का नाही आलीस?"

"मला वाट ठाऊक होती का? घरच्यांना म्हटलं, मला सोबत करा. म्हणाले, बायका आत जात नाहीत. मी वरच्या तोंडाशी येऊन बसले होते. दिवसभर."

फिद्दाला हे माहीत नव्हतं. इतकी वर्षं तिनं मनात धरलं होतं की रस्मियाला यायचंच नव्हतं. ती बराच वेळ निखारे ढोसत राहिली. मग म्हणाली, "तुझ्या किटलीलाही धुराचा वास येतो."

"माहितीये," रस्मिया म्हणाली.

सकाळी दगड वाळले होते. नौफा खाली वाकली, फिद्दानं तिच्या खांद्यावर पाय दिला, वरून रस्मियानं मनगट धरलं. फिद्दा वर पोहोचली ती गुडघा सोलूनच. दोघी बहिणी वाळूत बसून एकमेकींचे चेहरे हातांनी चाचपत राहिल्या. खालून नौफा ओरडत होती, "मला इथेच पुरणार आहात का?" तिला दोघींनी मिळून ओढून घेतलं.

त्या दिवशी त्या वरच्या गावी पोहोचल्या. चार दिवस रस्मियाकडे राहून ट्रकनं परत आल्या. तेव्हापासून दर वसंतात त्या घशापाशी भेटतात. आता दोन्हीकडून आणखी बायका येतात, आणि स्वैलिम आधीच जाऊन दोर बांधून ठेवतो.

गेल्या खेपेला शिळेच्या वर, डाव्या हाताला, फिद्दाला एक अरुंद फट दिसली. माणूस आडवं होऊन जेमतेम शिरेल एवढीच. आतून गार वारा येत होता.

"ही कुठं जाते?" तिनं विचारलं.

"कोण जाणे," रस्मिया म्हणाली. "चल, चहा निवतोय."

पण फिद्दानं तोवर घोंगडी खाली ठेवली होती आणि ओढणी कमरेला खोचायला घेतली होती.