धरणाच्या पायथ्याशी उकळणारं पाणी

चिंचणीच्या कोळीवाड्यात वाढले, त्यामुळे पाणी मला नवं नव्हतं. धरणाचं पाणी मात्र कळायला लागलं ते पालघरला कनिष्ठ अभियंता म्हणून रुजू झाल्यावर. पावसाळ्याआधी आणि नंतर सरकारी पथक येऊन धरण तपासतं. त्या ऑक्टोबरला पथकप्रमुख म्हणून निवृत्तीला टेकलेल्या एक मॅडम आल्या. आमचं मातीचं धरण काठोकाठ भरलं होतं. भिंतीवरून गाडीनं एक फेरी आणि मग चहा, असा माझा अंदाज. मॅडमनी गमबूट चढवले आणि सरळ पायथ्याकडे उतरायला लागल्या.

गवत बाजूला सारत त्यांच्यामागून जाताना मला एका जागी जमिनीतून पाणी उकळल्यासारखं वर येताना दिसलं. भोवती बारीक मातीचं कडं साचलेलं. मी हाक मारली. मॅडमनी ओंजळीत पाणी घेतलं, गढूळ होतं. पाझर स्वच्छ असला तर धरण सोसतं, गढूळ असला तर आतली माती वाहून चाललेली असते, हे मी शिकले होते. आता मीही पाण्यात हात घातला, तर ती माती माझ्याच बोटांना लागत होती.

मॅडमनी ताबडतोब दरवाजे उघडून पातळी उतरवायला सांगितलं, खालच्या पाड्यातली माणसं शाळेत हलवायला लावली. बोईसरच्या कारखान्यांना याच धरणाचं पाणी जायचं, त्यामुळे फोनवर फोन आले. मॅडम सगळ्यांना एकच सांगत होत्या, "आदेश माझा आहे. लेखी देते."

वाळू आणि खडीच्या गोण्या आल्या, पण ट्रॅक्टर खाली उतरेना. मध्ये उभं भात, दाणा अजून भरायचा होता. मालकीण बांधावरच होती. मी तिला सगळं समजावलं.

"भित फुटली तं भात ऱ्हायेल का?" तिनं विचारलं.

"नाही, मावशी."

"मंग कापा."

आणि विळा तिनंच आधी चालवला. तिच्यामागून शाळेतून मदतीला आलेल्या पाड्यातल्या बाया, त्यांच्यात मी. बघता बघता वाट झाली. गोण्या हातोहात खाली गेल्या. झऱ्याभोवती गोण्यांचं कडं रचून आत आधी वाळू, मग बारीक खडी, वर मोठी खडी घातली, म्हणजे पाणी बाहेर पडेल पण माती आतच राहील.

दुपार कलताना मी गुडघे टेकून बघितलं. पाणी येत होतं, पण नितळ, खालची खडी स्पष्ट दिसत होती. मी ओरडलेच. सगळे वाकून बघायला लागले. सकाळपासून न हसलेल्या मॅडमनी माझा खांदा धरून गदागदा हलवला.

पातळी पुरती उतरेपर्यंत पाडा शाळेतच राहिला. मावशीच्या भाताचा पंचनामा मॅडमनी स्वतः उभं राहून करून घेतला. पण त्या दुपारी मावशीनं भाकर आणि सुकट आणली, ती आम्ही कापलेल्या भातावर बसूनच खाल्ली. माझं हसू काही केल्या आवरत नव्हतं.