तूरडाळीची फौज

सावेडीतले नृसिंहराव देव निवृत्त होऊन चार वर्षं झाली, पण बोलणं अजून अर्जातलंच. चहा हवा असला तरी म्हणतात, "चहाबाबत काय ठरलं?" भूमी अभिलेखात जन्मभर नकाशे उतरवले, आता एकच उतरवतात, खर्ड्याच्या लढाईचा. १७९५ साली मराठे आणि निजाम आपल्याच जिल्ह्यात भिडले, ती लढाई दर रविवारी दुपारी त्यांच्या जेवणाच्या टेबलावर पुन्हा होते. फासे टाकायचे, पट्टीनं अंतर मोजायचं, फौज सरकवायची. मराठे तूरडाळीचे, निजाम हरभऱ्याचा. समोर खेळायला भीमा. पाथर्डी रस्त्यावर जीप चालवतो, आणि उभ्या नगरात या खेळाला बसणारा तो एकटाच.

त्या रविवारी भीमानं निजामाचे चार हरभरे पकडले आणि तोंडात टाकले.

"अहो भीमाभाऊ, ते कैदी होते!"

"तीन वर्सं डाळच लढवतोय, भाऊसायब. फुडच्या ऐतवारी खरी मानसं दिसली पायजेत. न्हाईतर आपल्याला जीपच्या फेऱ्या लई हायेत."

नृसिंहरावांनी पट्टी खाली ठेवली. भीमा गेला की खेळ संपला. खेळण्यातले शिपाई घ्यायचं त्यांच्याही मनात होतं, पण ठरत नव्हतं. अडीच वह्या भरल्या होत्या. अंगठ्याएवढे घ्यावेत तर टेबल पुरत नाही, तांदळाएवढे घ्यावेत तर मिशा रंगवता येत नाहीत. बरं, मराठे घ्यायचे की निजाम?

बायकोनं, दमयंतीबाईंनी, ओट्यापाशी उभ्या उभ्याच निकाल दिला. "दोन्ही घ्या. भीमाभाऊ काय निजाम घेऊन येणारेत जीपमधनं? आणि कपाटात एकच कप्पा मिळेल. रविवारी रिकामा दिसला तर माझ्या बरण्या जातील तिथं."

सोमवारी उंची ठरली, बोटाच्या पेराएवढी. पुण्यातला एक जण असे शिपाई मशीनवर छापून देतो. यादी बुधवारी गेली तर पार्सल शनिवारी. मंगळवारी भीमा चहाला टेकला, तेव्हा नृसिंहरावांनी घसा साफ करून यादी वाचली. "घोडेस्वार साठ, पायदळ ऐंशी, तोफा आठ, हत्ती एक."

"आन बैलं?"

"बैल लढत नाहीत, भीमाभाऊ."

"मंग तोफा काय वैनी उचलून नेनार?"

आतून भांडं आपटल्याचा आवाज आला. भीमानं आवाज जरा उतरवला.

"ल्हानपनी आईबापासंगं ऊसतोडीला जायचो. गाडीत पीठ, तवा, कोंबड्या, वर आमी पोरं. मुक्कामाला चूल पेटली न्हाई तर सकाळी कोयता उचलीत नसायचं कोनी. तुमची साठ घोडी काय खात्यात? डाळ?"

नृसिंहरावांनी यादी पुन्हा वाचली. निजाम खर्ड्याच्या किल्ल्यात कोंडला गेला आणि दाण्यापाण्यावाचून टेकीला आला, हे त्यांनीच लाल शाईनं वहीत लिहिलं होतं. टेबलावर मात्र तीन वर्षांत एकाही हरभऱ्याला तहान लागली नव्हती. त्यांनी यादीवर काट मारली. आधी दोन्हीकडच्या गाड्या आणि चुली. मग त्यावर जेवढ्यांचं भागेल, तेवढेच शिपाई.

रविवारी भीमा आला. टेबलावर चार बैलगाड्या, आठ बैल, चुलीशी बसलेल्या दोन बाया. लढणारी मात्र अजून डाळच.

"पहिल्या टप्प्यात एवढंच मंजूर झालंय," नृसिंहराव पुटपुटले.

भीमानं एका गाडीचा डावा बैल चिमटीत धरून खिडकीशी नेला. उलटा केला, सुलटा केला.

"डाव्याची नजर मारकी हाय," भीमा म्हणाला आणि खुर्ची ओढून बसला. "सांभाळा गाड्या, माजी तूर निगाली."

दुपारभर घोडदळ राहिलं बाजूला, दोघं एका पिठाच्या गाडीसाठी भांडले. शेवटी गाडी मराठ्यांनी नेली. चपला घालताना भीमा वळला.

"फुडच्या ऐतवारी पखालीचा रेडा पायजे, भाऊसायब. पानी कोन आननार?"

नृसिंहरावांनी वही उघडली.

"रेड्याबाबत ठरलं," ते म्हणाले.