कॅप्टनसाहेबांची बॅट

इथे आखातात, जलीब वस्तीतल्या एका खोलीत आम्ही सहाजण राहतो, सगळे रत्नागिरीकडचे. मी सुतार. मिरकाबमधल्या ऑफिसांची पार्टिशनं, लोकांची कपाटं, पडेल ते काम करतो. गावाला मात्र मी सुपरवायझर आहे. पहिल्या वर्षी फोनवर बोलता बोलता तोंडातून गेलं, बाबांनी वाडीभर सांगितलं, आणि चौदा वर्षं मी ते निस्तरतोय. व्हिडिओ कॉलवर हत्यारं चुकूनही दिसू देत नाही.

बाबांची फुशारकी त्याहून जुनी. आजोबा इंग्रजांच्या पलटणीत होते. तिथला गोरा कॅप्टन म्हणजे क्रिकेटमधलं बडं प्रस्थ. आजोबांनी त्याची दांडी शून्यावर उडवली आणि साहेबाने खूश होऊन स्वतःची बॅट बक्षीस दिली, ही कथा वाडीत पोरासोरांना पाठ आहे. खंडेनवमीला हत्यारांबरोबर ती बॅट पुजली जाते. एरवी तिला बाबांशिवाय कुणी हात लावायचा नाही. त्या कथेच्या जोरावर इथली मंडळी शुक्रवारच्या मॅचमध्ये मला पहिली ओव्हर देतात, आणि मी दर शुक्रवारी धू धू धुतला जातो.

यंदा बाबांनी धोशाच लावला. "त्या सायबाची माहिती काढ. माझ्या बापसाबद्दल काय लिवलाय ता बघ. मी जायच्या आधी ऐकू दे." छातीचं दुखणं सुरू झाल्यापासून ते 'जायच्या आधी' फार म्हणतात. माझं इंग्रजी खिळ्यांच्या डब्यावरचं वाचण्यापुरतं. सबाह अल-सालेमला पुण्याच्या एका बाईंकडे कपाट बसवत होतो, त्या शाळेत शिकवतात. त्यांना कॅप्टनचं नाव सांगितलं.

"अहो मिस्त्री, हे तर मोठंच प्रकरण आहे," म्हणत त्यांनी लॅपटॉपवर बघून सगळं मराठीत सांगितलं. साहेब जन्मला आपल्याकडेच, शिकला विलायतेत, लेफ्टनंट होऊन परत आला. सकाळी परेड, दुपारी क्रिकेट. लढाईत डाव्या हाताची दोन बोटं गेली, तरी पुन्हा पॅड बांधून उभा राहिला. म्हातारपणी तिकडे खेड्यात गुलाब लावत वारला. खरं सांगतो, मला तो माणूस आवडायला लागला होता.

मग बाई म्हणाल्या, "हे बहुतेक तुमचे आजोबा." साहेबाने आपल्या आठवणींत लिहून ठेवलं होतं की पलटणीत कोकणातला एक सुतार होता, मोडलेली बॅट तो अशी सांधायचा की नवीपेक्षा तीच हातात बरी बसे. बोटं गेल्यावर दांडा तासून बारीक करून दिला, तोही त्यानेच. बोलिंगचा कुठेही उल्लेख नाही.

आयुष्यभर छाती फुगवून सांगितलेली गोष्ट खोटी, हे आजारी म्हाताऱ्याला कुठल्या तोंडाने सांगायचं?

खंडेनवमीला सकाळी खोलीत वर्तमानपत्रावर रंधा, पटाश्या, करवत मांडून हळदकुंकू वाहत होतो, तोच बाबांचा व्हिडिओ कॉल. त्याच विचारात होतो, तसाच उचलला.

"मिळाला काय?"

"बाबा, बॅट जरा जवळ धरा. दांड्याखालचं कुंकू पुसा."

आमच्या घरात सांधा केला की कडेला पटाशीने एक बारीक आडवी खाच ठेवतात. इथल्या कपाटांनाही मी ठेवतो. बाबांनी पंच्याने कुंकू पुसलं. खाच होती.

बाबाच म्हणाले, "माहीत हाय मला. पन्नास वर्सं पुजतोय, आंधळा हाय काय मी?"

"मग ते बोलिंगचं?"

"बापसानं मला सांगितला, मी तुला. बॅटी सांधायचा म्हटला असता तर कोण ऐकत होता?"

"मग माहिती कशाला काढायला लावलीत?"

"सायबानं तरी त्याला सुतार म्हटला काय, ता बघायचा होता."

"म्हटलंय," मी म्हणालो, आणि बाईंनी सांगितलेलं सगळं सांगितलं. दांडा बारीक केल्याचं बाबांनी दोनदा सांगायला लावलं. डोळे पंच्याने पुसले. मला पण रडू आलं, लपवत नाही.

मग फोनजवळ तोंड आणून म्हणाले, "आणि मेल्या, तू कुठला रे सुपरवायझर? पाठी रंधा दिसतोय तुझा. फोन फिरव तिकडं, धार कशी लावलीस बघू दे."