कार्डावरचा कोरा तास

मी मुळात भित्री. झुरळाला भ्यायचे, बसच्या कंडक्टरला भ्यायचे, आणि आप्पांच्या नुसत्या चपला वाजल्या तरी हातातलं भांडं खाली ठेवायचे. आप्पा म्हणजे माझे वडील, बेंगळूरच्या एका सरकारी कचेरीत कारकून. असल्या मुलीला त्यांनी कारखान्यात कामाला जाऊ दिलं ते एका अटीवर. "तिकडून एक तक्रार आली, की दुसऱ्या दिवसापासून घरी बसायचं." घरी बसायचं म्हणजे काय ते मला पक्कं ठाऊक होतं. बेळगावची आत्या एका स्थळाचा फोटो पाठवून उत्तराची वाट बघत होती.

साठ सालाच्या पुढेमागे असेल. शहराबाहेरच्या त्या कारखान्यात आम्ही मुली तांब्याच्या तारेच्या कॉइल गुंडाळत असू. तार केसासारखी बारीक, तुटली की पुन्हा पहिल्यापासून. सकाळी गेटवर हजेरीचं कार्ड मशीनमध्ये ठोकायचं, ते वेगळं. शिवाय प्रत्येकीच्या बाकावर कामाचं एक कार्ड असे. कुठल्या तासाला कुठलं काम केलं ते त्यावर लिहायचं, आणि बाकावरून उठलो तर का उठलो ते शेवटच्या रकान्यात.

आता या रकान्याची गंमत. महिन्याच्या त्या दिवसांत पोटात कळ आली, तर मुलींनी विश्रांतीच्या खोलीत तासभर पडावं अशी सोय होती. पण ते लिहायचं कसं? कार्डं जायची टाइम ऑफिसात, आणि तिथे सगळे पुरुष. म्हणून आम्ही तो रकाना कोरा सोडत असू. आमच्या विभागाच्या बाई, ज्यांना सगळ्या अक्का म्हणत, त्या काय ते समजून सही करायच्या. घरी मी बाजूला बसले की दूधवाल्यासकट अख्ख्या गल्लीला कळायचं, त्याच दिवशी कारखान्यात मी साऱ्या जगाला शिवून यायचे, आणि लाज कसली, तर कार्डावर एक शब्द लिहायची. हसू नका, तेव्हा हे अगदी बरोबर वाटायचं.

मग टाइम ऑफिसात नवा माणूस आला. पगाराच्या दिवशी सगळ्यांना पाकिटं मिळाली आणि माझ्यासमोर त्यानं हात हलवला. "कार्ड अर्धवट आहे. पूर्ण करून आणा, मग पगार." तासाचा नव्हे, अख्ख्या महिन्याचा. बाकीच्या मुलींनी त्याचा रागरंग बघून 'तार आणायला गेले' असं आधीच ठोकून दिलं होतं. मला तेवढं खोटं लिहायचीही भीती वाटली होती.

अक्का चिडल्या. "असा पगार अडवता येत नाही. हजेरी ठोकलीस, कॉइल करून दिल्यास. फार तर त्या तासाबद्दल त्यानं बोलावं. कायदा आहे तसा." मग आवाज खाली आणून म्हणाल्या, "पण माझ्या सहीला तो जुमानत नाही गं. तास कसला ते खिडकीशी जाऊन तुलाच सांगावं लागेल."

मी गेले नाही. कायदा माझ्या बाजूचा आहे हे ऐकून उलट जास्तच घाबरले. घरी आप्पांनी पगाराचं विचारलं, तर मी "उद्या" म्हणाले. पण आमच्या कारखान्यातलीच एक मुलगी शेजारी राहायची, तिच्या आईनं नळावर बोलता बोलता सगळं आईला सांगितलं. आप्पा ओरडले असते तर बरं झालं असतं. ते शांतपणे म्हणाले, "उद्या मी येतो बरोबर."

सकाळी बसमध्ये ते पुढे पुरुषांत बसले आणि मी मागून त्यांची मान बघत होते. तरुण मुलीच्या कोऱ्या तासाचा आमच्या घरात एकच अर्थ होता. सिनेमा, बाग, कोणीतरी मुलगा. रडू येत होतं आणि रडलं तर तोच पुरावा ठरेल म्हणून तेही धड जमेना.

खिडकीशी त्या माणसानं माझी कार्डं आप्पांपुढे पसरली. "नोडी सार, बघा, हा तास कोरा, हा पण कोरा. मुलगी कुठे होती ते तिलाच विचारा." आप्पांनी चष्मा लावला. जन्म कारकुनीत गेलेला माणूस, रिकामा रकाना त्यांना माझ्यापेक्षा जास्त कळत होता. त्यांचे कान लाल झाले. माझ्याकडे वळून हळूच मराठीत म्हणाले, "कुठे होतीस?"

मागे रांग उभी होती. मराठीतला तो शब्द आप्पांसमोर माझ्या तोंडातून मेले तरी निघाला नसता. म्हणून मी खिडकीतल्या माणसाकडे बघितलं आणि कानडीत बोलले, वाटलं होतं त्याहून फार मोठ्यानं. "मुट्टु. बायकांना दर महिन्याला होतं ते. मी विश्रांतीच्या खोलीत पडले होते. अक्कांची सही आहे, माझी हजेरी आहे. पगार अडवता येत नाही."

त्या माणसानं मान खाली घातली, "सरी, सरी" म्हणजे बरं, बरं म्हणत माझी सही घेतली आणि पाकीट सरकवलं. एका तासाचेही पैसे कापले नव्हते. मी वळून बघितलं तर आप्पा केव्हाच गेटबाहेर पडले होते.

दिवसभर माझ्या हातातली तार तुटत राहिली. कानडी आप्पांना माझ्याइतकीच येत होती. चारचौघांत बापासमोर तो शब्द उच्चारणारी मुलगी त्यांना कोऱ्या तासापेक्षा वाईट वाटली असेल, असं मला वाटत होतं.

संध्याकाळी घरी गेले तेव्हा ते खुर्चीत बसले होते. मी पाकीट पुढे केलं. त्यांनी हात पुढे केला नाही. स्वयंपाकघराकडे तोंड करून आईला म्हणाले, "तिला म्हणावं, पाकीट देवापाशी ठेव. आणि उद्या बस चुकवू नकोस."

नोकरी राहिली. आत्याला नकार गेला. आप्पा मात्र त्यानंतर माझ्याशी आईमार्फतच बोलले, आणि आई गेल्यावर तेही थांबलं.