आतिशदानातले देव

छावणीतल्या एका जुन्या बंगल्याच्या मागच्या दोन खोल्या आम्ही भाड्यानं घेतल्या, तेव्हा पोलीस ॲक्शनला पाच-सहा वर्षं झाली होती. आतल्या खोलीत आतिशदान होतं. थंडीत जाळ करायला कुण्या गोऱ्या साहेबानं भिंतीत बांधून घेतलेली दगडी कमान, वर धुराडं. आईनं दुसऱ्याच दिवशी ती धुऊन-पुसून तिथं देव मांडले. एवढी देखणी जागा देवाशिवाय कुणाला शोभणार, म्हणाली. आणि शोभली, खोटं कशाला बोलू!

पुढं वडिलांना छातीचा आजार जडला. पौषातली थंडी त्यांना सोसेना. पांघरुणं घालून घालून माणूस दिसेनासा व्हायचा, तरी दात वाजायचे. कोळशाची शेगडी खोलीत ठेवली, तर बंद दारं-खिडक्यांत एका दुपारी ते गुंगीत गेले. हलवून हलवून जागं केलं. डॉक्टर माझ्यावर ओरडले, "शेगडी पुन्हा दिसली तर मी पायरी चढणार नाही! ते आतिशदान आहे ना घरात? त्यात लाकडं जाळायचा बंद लोखंडी बंब बसवा, धूर नळीनं वर जाऊ द्या."

शहागंजाकडचे एक म्हातारे लोहारमिस्त्री आले. चपला बाहेर काढल्या, कमानीकडं पाहिलं आणि दारातच थांबले. "बाई, पहले भगवान को इज्जत से उठाव. फिर मेरेकू बुलाव."

आई म्हणाली, "कौल लावते. देवीनं उजवा दिला तर उठवू."

कौल म्हणजे देवीच्या टाकाला दोन्ही अंगांना फुलाची एकेक ओली पाकळी चिकटवायची आणि हात जोडून बसायचं. उजवी आधी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. पहिल्या दिवशी डावी पडली. दुसऱ्या दिवशीही डावीच. बाहेरच्या खोलीत वडील खोकत होते आणि ही बया डोळे मिटून बसलेली! माझं डोकं मुळातच तापट. "माणूस मरतोय आणि तू पाकळ्या मोजतेस?" मी ओरडले. आई रडली, पण जागची हलली नाही. तिला वडील नको होते असं नाही. देवाला दुखवलं तर देव त्यांनाच नेईल, ही तिची भीती होती.

तिसऱ्या सकाळी पाकळ्या लावून ती बसली आणि चुलीवरचं दूध उतू गेलं म्हणून उठून पळाली. मी बोटानं उजवी पाकळी पाडली. मग हाक मारली, "आई, ये! उजवा दिला."

तिनं देवीसमोर डोकं टेकलं ते कितीतरी वेळ वर काढलं नाही. मग एकेक देव पदरात घेऊन दुसऱ्या खोलीत नेला. मिस्त्रींनी धुराड्यातली पारव्यांची घरटी उपसली, जाड पत्र्याचा बंब कमानीत सरकवला, नळी वर चढवली, फटी माती-भुशानं लिंपल्या. वडिलांचं अंथरूण आत आणून पहिला जाळ धरला तेव्हा त्यांनी पांघरुणातून दोन्ही हात बाहेर काढले. "लई बरं वाटतंय," म्हणाले. त्या हिवाळ्यात त्यांना रात्रीची शांत झोप लागली. मला धन्य वाटलं.

पुढच्या श्रावणात ते गेले.

तेराव्याला आत्या सगळ्यांदेखत बोलली, "देव जागचे उठवले, मग दुसरं काय व्हायचं?" आई ताठ बसून म्हणाली, "देवीनं उजवा दिला होता. तिला विचारल्याबिगर मी काय नाय केलं."

पाहुणे गेल्यावर आई माझ्याजवळ येऊन बसली. "मी तर दुधाकडं गेले होते गं," म्हणाली. "तूच होतीस तिथं. आपसूक पडली ना ती पाकळी?"

"व्हय आई," मी म्हणाले. "माझ्या डोळ्यांदेखत पडली."