फुप्फुस कुठं, गाल कुठं

वसमतच्या भागात हळद शिजवणारे पुष्कळ. दगडोबाला मात्र लोक शोधत यायचे. त्याला कारण त्याची बिडी.

कुकरच्या ड्रममध्ये हळकुंडं भरायची. बॉयलरखाली कापसाच्या वाळल्या पऱ्हाट्या सारायच्या. वाफ धरली की दगडोबा बांधावर बसून बिडी पेटवायचा. तिसरी बिडी संपली की ओरडायचा, "उतरवा!" कच्चं राहिलेलं हळकुंड पॉलिशला तुटतं, जास्त शिजलं तर रंग जातो. सव्वीस वर्षांत दगडोबाच्या हातून असा माल निघाला नव्हता. कुणी मोबाइलवर वेळ लावू लागला की शेतमालक किसनराव म्हणायचे, "ठेव तो खिशात. दगडोबामामाच्या बिडीपुढं घड्याळ पाणी भरतंय."

बिडीची एक खोड असते. ओढत राहिलं नाही तर ती विझते. वेळ मोजायची तर दम घेत राहावंच लागतं. दिवसाला बारा ड्रम म्हणजे छत्तीस बिड्या. हंगाम दोन महिन्यांचा, पण सवय काही हंगाम बघत नाही.

दिवाळीच्या आधी खोकल्यात रक्त आलं. नांदेडला तपासण्या झाल्या. उजव्या फुप्फुसात गाठ निघाली. डॉक्टरीणबाईंनी सरळ सांगितलं, "चार वेळा सलाइनमधून औषध देऊ. गाठ आटली तर ऑपरेशन करून काढता येईल. नाही आटली तर नाही."

दगडोबानं त्याच दिवशी बिडी सोडली. बंडल दवाखान्याच्या फाटकाशी टाकलं आणि मागं वळून पाहिलं नाही. गाव थक्क झालं.

"काहून सोडली हो मामा एकदम?"

"तोंडाला धूर लावायचा न्हाई म्हणली बाई. संपलं."

मुलगी पुनम वसमतच्या कॉलेजात बी.एस्सी.ला. तिनं मैत्रिणींना सांगितलं, माझ्या बापासारखा वज्राचा माणूस नाही. खरंच होतं ते.

फेब्रुवारीत किसनराव दारात आले. "कशाला हात लावू नका. नुसते बसा अन् कवा उतरवायचं ते सांगा."

दगडोबा हरखला. सलाइनमधून दोन औषधं झाली होती, अंगावरचा सदरा लोंबत होता, पण बोलावणं आलं होतं. बांधावर जाऊन बसला. वाफ धरली आणि त्याच्या लक्षात आलं की बिडीवाचून आपल्याला वेळेचं काहीच कळत नाही. पहिला ड्रम कच्चा निघाला. माणसं हसली. किसनराव हसले नाहीत, ते जास्त लागलं.

घरी आल्यावर तो जेवला नाही. बायको मनकर्णानं बघितलं. दुसऱ्या दिवशी निघताना तिनं त्याच्या खिशात तंबाखूची चंची घातली. त्या घरात तंबाखूला व्यसन कुणी म्हणत नसे. मनकर्णा रोज मिसरी लावायची. दाढ दुखली की तंबाखू, पाहुणा आला की चहाच्या आधी चंची. व्यसन म्हणजे दारू. फार तर बिडी.

चुना लावून मळलेली चिमूट खालच्या ओठाआड धरली की झिणझिण सुटते. ती झिणझिण मेली की ड्रम शिजलेला, हे दगडोबानं दोन दिवसांत बसवलं. माल पुन्हा सोन्यासारखा निघू लागला.

"हे चालतंय व्हय तुमाला?" किसनरावांनी एकदा विचारलं.

"धूर फुप्फुसात जातो, मालक. हे गालात राहून राहिलंय. फुप्फुस कुठं, गाल कुठं!"

सगळ्यांना पटलं. पुनमलाही पटलं.

तिसऱ्या औषधाच्या वेळी नर्सनं कागद भरताना विचारलं, "व्यसन?"

"सोडलं," दगडोबा म्हणाला. खोटं बोलतोय असं त्याच्या मनातही आलं नाही.

त्या औषधानं बोटं बधिर झाली. तंबाखू मळता येईना. मग मनकर्णा मळून द्यायची. डब्यात दोन भाकरी, ठेचा आणि कागदात बांधलेल्या बारा चिमटी. ती मोजून द्यायची, एकही कमी पडू नये म्हणून. दगडोबाला आता विहिरीपर्यंत जायलाही दोनदा थांबावं लागायचं. औषध लागू पडतंय, म्हणून थकवा येतोय, असं लोक म्हणायचे. त्यालाही तसंच वाटायचं.

चौथं औषध झाल्यावर मार्चअखेर स्कॅन झाला. तिघंही डॉक्टरीणबाईंसमोर बसले. त्यांनी पडद्यावर दोन चित्रं शेजारी शेजारी लावली. सांगायची गरज पडली नाही. दुसऱ्या चित्रातली गाठ मोठी होती.

"बिडी?"

"न्हाई. दिवाळीपासून एकबी न्हाई."

"तोंड उघडा." त्यांनी हातमोजा घातला, खालचा ओठ खाली ओढला. आत पांढरी, सुरकुतलेली कातडी होती. "हे काय?"

दगडोबानं सगळं सांगितलं. अभिमानानंच सांगितलं. गालात राहतंय म्हणाला.

डॉक्टरीणबाईंनी हातमोजा काढला. मग म्हणाल्या, "तंबाखूतलं निकोटिन गालातून रक्तात उतरतं. रक्त फुप्फुसात जातं. तिथल्या पेशींवर त्याच्यासाठी जणू कुलपं असतात. निकोटिन किल्लीसारखं बसतं त्यात."

"निकोटिनिक रिसेप्टर," पुनम पुटपुटली. "ते मेंदूत असतात ना मॅडम? आमाला तसंच शिकवलं."

"मेंदूत असतात. फुप्फुसातही असतात. गाठीच्या पेशींवरही. औषध त्या पेशीला सांगतं, मर. निकोटिन सांगतं, मरू नको. प्रयोगशाळेत असं दिसलंय. तुमच्या वडिलांची गाठ त्यामुळंच वाढली, असं मी म्हणणार नाही. काही गाठी औषधाला दाद देतच नाहीत. पण त्यामुळं नाही वाढली, असंही मला म्हणता येणार नाही."

पुनम मान खाली घालून बसली. मनकर्णानं पदर तोंडाशी नेला आणि तसाच धरून ठेवला.

"म्या मळून देत व्हते," ती म्हणाली. "म्याच."

"गप," दगडोबा म्हणाला. "म्या मागत व्हतो."

"ऑपरेशन?" पुनमनं विचारलं.

"आता नाही."

खोलीत पंखा फिरत होता. बाहेर कुणाचं तरी नाव पुकारलं गेलं.

"अन् आज सोडली तर, बाई?" दगडोबानं विचारलं.

"आजच सोडा. सोमवारपासून दुसरं औषध सुरू करू."

वाक्य पुरं झालं नाही, गाठ आटेल का ते सांगायचं राहिलं, असं दगडोबाला वाटलं. तो मान पुढं करून थांबला. डॉक्टरीणबाईंनी पुढचा कागद ओढला, त्यावर त्याचं नाव लिहिलं आणि वय विचारलं.